दूरच्याला उशीर का होतो?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते गणित शिकवायचे. फळ्यावर एखादा आकडा लिहिला की "हा कुठून आला?" हे विचारल्याशिवाय ते पुढची ओळ लिहू द्यायचे नाहीत. आज मी बरेच आकडे सांगणार आहे. त्यातला प्रत्येक आकडा कुठून येतो हेही सांगायचा प्रयत्न करीन, म्हणजे माझ्या परीने त्यांची आठवण होईल.

विषय ब्लॉकचेनचा आहे, पण त्यातल्या पैशाचा नाही. क्रिप्टोच्या नावाखाली पुणे जिल्ह्यातल्या पुष्कळ माणसांचे कष्टाचे पैसे बुडाले आहेत. त्यामुळे हा शब्द ऐकताच कोणी खिशावर हात ठेवला तर त्यात मला काही गैर वाटत नाही. मी बोलणार आहे ते एका जुन्या आणि फार खोल प्रश्नाबद्दल: मध्ये कोणी मुख्य नसताना एक बातमी हजारो ठिकाणी लवकर, खरी आणि सगळ्यांना जवळपास एकाच वेळी कशी पोहोचवायची?

सुरुवात जुन्नरपासूनच करू. इथल्या लेण्यांमधल्या शिलालेखांत धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. श्रेणी म्हणजे त्या त्या धंद्यातल्या लोकांचा संघ. दान देणारा माणूस रक्कम किंवा जमीन श्रेणीकडे ठेवायचा आणि तिच्या उत्पन्नातून लेण्यातल्या भिक्षूंचा खर्च चालायचा. शेजारच्या नाशिकला नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात तीन हजार कार्षापणांची ठेव दोन विणकर श्रेणींमध्ये वाटलेली दिसते. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असा व्याजाचा दरही तिथे कोरला आहे. मला त्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. हा व्यवहार निगमसभेत ऐकवला गेला आणि मग रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदला गेला, असं तो लेख सांगतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लोकांना पक्कं ठाऊक होतं की दगडात कोरल्याने नोंद टिकते, पण ती मान्य व्हायची तर आधी चारचौघांच्या कानावर जावी लागते. ज्यांच्या कानावर गेलीच नाही त्यांच्यापुरती ती नोंद झालेलीच नसते.

ब्लॉकचेन म्हणजे अशीच एक सार्वजनिक वही. फरक एवढाच, की तिची प्रत हजारो संगणकांवर असते आणि त्यातला कोणताही संगणक मुख्य नसतो. या प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. वहीचं नवं पान, म्हणजे ब्लॉक, कोणीतरी एक नोड तयार करतो आणि आपल्या ओळखीच्या काही नोडांना देतो; ते त्यांच्या ओळखीच्यांना देतात. प्रत्येक पानावर मागच्या पानाची गणिती खूण असते, त्यामुळे मधलं पान गुपचूप बदलता येत नाही. आपल्या राज्यात २०२२ साली गडचिरोलीतल्या एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांना अशा वहीचा आधार देण्याचं काम हाती घेतलं गेलं, ते पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर. प्रमाणपत्र खरं की खोटं हे तपासायला तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागू नयेत, हा त्यामागचा हेतू. मला तो मनापासून पटतो.

आता उशिराकडे येऊ.

बिटकॉइनची वही ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली. तिच्यात सरासरी दहा मिनिटांनी, म्हणजे ६०० सेकंदांनी, एक नवं पान जोडलं जातं. पान कोण तयार करणार हे आधी ठरलेलं नसतं. अनेक जण एकाच वेळी एक अवघड गणिती शोध घेत असतात, ज्याला आधी सापडेल त्याचं पान. समजा एकाला पान सापडलं आणि ते इतरांपर्यंत पोहोचायला १२ सेकंद लागले. त्या १२ सेकंदांत बाकीचे अजून जुन्याच पानाच्या पुढे शोधत आहेत. तेवढ्यात त्यांच्यापैकी कुणाला आपलं पान सापडण्याची शक्यता साधारण १२ भागिले ६००, म्हणजे शंभरात दोन. तसं झालं की वहीला दोन फाटे फुटतात. पुढे त्यातला एकच टिकतो आणि दुसऱ्यावरची मेहनत, त्यात जाळलेली वीज, वाया जाते. हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. २०१३ साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या ख्रिश्चन डेकर आणि रोजर वाटनहोफर यांनी प्रत्यक्ष मोजमाप केलं. निम्म्या नोडांना ब्लॉक साडेसहा सेकंदांत मिळत होता, सरासरी वेळ १२.६ सेकंद होती आणि ४० सेकंद उलटून गेल्यावरही शंभरातल्या पाच नोडांना ब्लॉक मिळालेलाच नव्हता. फाटे फुटण्याचं प्रमाण त्यांना शेकडा १.६९ आढळलं. आपल्या त्रैराशिकाने दोन सांगितलं होतं.

त्या मागे राहिलेल्या पाच टक्क्यांकडे जरा थांबून पाहा. माझं आजचं सगळं बोलणं त्यांच्यासाठी आहे. ज्याला बातमी ३० सेकंद उशिरा कळते तो त्या ३० सेकंदांत शिळ्या पानावर राबत असतो. म्हणजे त्याच्या शंभर रुपयांच्या विजेपैकी पाच रुपये दर पानाला मातीत. उलट ज्याच्या एकट्याच्या हाती शोधाची ३० टक्के ताकद आहे त्याला स्वतःचं पान स्वतःला कळायला काहीच वेळ लागत नाही. उरलेल्या ७० टक्क्यांशीच त्याची शर्यत असते, म्हणून त्याचं नुकसान कमी. उशीर सगळ्यांना सारखा झाला असता तर तो निव्वळ गैरसोयीचा मामला होता. तो दूरच्याला जास्त आणि मोठ्याला कमी होतो, म्हणून तो न्यायाचा मामला आहे. हळूहळू लहान आणि लांबचे गळतात, चार मोठे जवळजवळ बसतात आणि मध्ये कोणी मुख्य नको म्हणून जी व्यवस्था उभारली तिच्यात मुख्य तयार होतो.

आता तुम्हांला खोडदला घेऊन जातो. नारायणगावच्या पूर्वेला उभी असलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आसपासच्या शाळांची पोरं तिथे लोटतात. प्रा. गोविंद स्वरूप यांनी तारांच्या जाळीचे हलके आणि स्वस्त अँटेना कसे बांधायचे हे शोधून काढलं आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राने ही दुर्बीण उभी केली. ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना. त्यांतले १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात आहेत आणि उरलेले १६ तीन बाहूंवर दूरदूर पसरले आहेत. टोकाटोकांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. सगळ्यांचे संकेत प्रकाशतंतूंमधून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथे प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लावली जाते. तिसांच्या जोड्या ४३५ होतात, तीस गुणिले एकोणतीस भागिले दोन.

काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. पंधरा किलोमीटर तंतू ओलांडून येणाऱ्या संकेताला ७५ मायक्रोसेकंद लागणार आणि मधल्या अँटेनाचा त्याच्या कितीतरी आधी येऊन बसणार. शिवाय आकाशातून येणारी लहरसुद्धा सगळ्या अँटेनांना एकाच क्षणी भिडत नाही. मग तिथले अभियंते काय करतात? ते दूरच्या अँटेनाला घाई करायला सांगू शकत नाहीत, प्रकाशाहून वेगाने काही धावत नाही. ते प्रत्येकाचा उशीर नेमका मोजतात आणि लवकर आलेल्या संकेताला तेवढा वेळ थांबवून ठेवतात. शेवटचा आला की मग सगळ्यांची गाठ घालतात. याला कारणही आहे. दुर्बिणीला बारीक तपशील दिसतो तो दूरवरच्या अँटेनांमुळे. मधल्या चौदांवर भागवलं तर चित्र धूसर येतं. खोडदला दूरचा अँटेना ही अडचण धरत नाहीत, त्याच्यासाठीच सगळा खटाटोप आहे.

हे मी इतकं रंगवून सांगतो आहे कारण ब्लॉकचेनला नेमकं हेच करायचं असतं आणि हेच करता येत नाही. खोडदला तंतूची लांबी माहीत आहे, एकच घड्याळ सगळ्यांना ताल देतं आणि मध्ये एक इमारत आहे. ब्लॉकचेनमध्ये समोरचा नोड ओतूरला आहे की ऑस्लोला, ठाऊक नाही. सगळ्यांचं मिळून एक घड्याळ नाही. बिटकॉइनमध्ये पानावरची वेळ दोन तासांपर्यंत पुढची असली तरी चालवून घेतात. आणि समोरचा खरं बोलतो आहे याचीही हमी नाही. मग सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या माणसाने काय केलं? सगळ्यांनाच थांबायला लावलं. दहा मिनिटांचं अंतर म्हणजे दूरच्यासाठी ठेवलेली सवड. १२ सेकंदांचा उशीर ६०० सेकंदांत जिरून जातो. पण लोकांना वाट पाहणं नको असतं. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनने १५ सप्टेंबर २०२२ पासून आपली रीत बदलली आणि दर १२ सेकंदांना पान जोडायला सुरुवात केली. त्यातही पहिल्या चार सेकंदांच्या आत पान हाती आलं नाही तर पान बरोबर असल्याची साक्ष देणाऱ्या नोडाची साक्ष चुकू शकते. सवड दहा मिनिटांवरून चार सेकंदांवर आली. प्रसाराचा वेग वाढवण्यासाठी जगभर जी धडपड चालली आहे ती या चार सेकंदांसाठी.

उशीर कुठे साठतो ते पाहू. बातमी तोंडोतोंडी पसरवण्याची पद्धत नवी नाही. १९८७ साली झेरॉक्सच्या संशोधनशाळेत अॅलन डेमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साथीच्या रोगाच्या गणितावरून ती संगणकांसाठी मांडली. प्रत्येक नोडाने आठ जणांना सांगितलं तर पाच टप्प्यांत आठाचा पाचवा घात, म्हणजे बत्तीस हजारांवर नोड होतात. टप्पे थोडेच आहेत. खोळंबा होतो तो प्रत्येक टप्प्याच्या आत. बिटकॉइनच्या मूळ रीतीत नोड आधी म्हणतो, "माझ्याकडे नवं पान आहे." शेजारी म्हणतो, "दे." मग पान जातं. नारायणगाव आणि न्यूयॉर्कमध्ये साधारण साडेबारा हजार किलोमीटर धरले तर एका खेपेला तंतूतून निदान ६२ मिलिसेकंद, आणि इथे तीन खेपा. त्यापुढे तारेच्या रुंदीचा प्रश्न. आपल्याकडच्या घरगुती जोडणीत माहिती उतरवण्याचा वेग जाहिरातीत असतो, चढवण्याचा नसतो. चढवण्याचा वेग सेकंदाला आठ मेगाबिट असेल तर एक मेगाबाइटचं पान एका शेजाऱ्याला द्यायला एक सेकंद. आठ शेजाऱ्यांना आठ सेकंद. चार सेकंदांची सवड असताना मंचरच्या घरातला नोड इथेच बाद झाला.

पहिला मोठा उपाय फार साध्या निरीक्षणातून आला. पानावर जे व्यवहार असतात ते बहुतेक सगळ्या नोडांनी आधीच ऐकलेले असतात. मग सगळं पान परत कशाला पाठवायचं? व्यवहारांच्या छोट्या खुणा पाठवाव्यात. मॅट कोरॅलो यांच्या २०१६ च्या प्रस्तावात प्रत्येक व्यवहाराला सहा बाइटची खूण आहे. अडीच हजार व्यवहार असलेलं पान मग पंधरा हजार बाइटांत मावतं. तेच आठ शेजाऱ्यांना द्यायला आठ सेकंदांऐवजी एक अष्टमांश सेकंद पुरतो. जो व्यवहार ऐकलेला नसेल तेवढाच मागून घ्यायचा. शिवाय प्रत्येक नोड आपल्या तीन शेजाऱ्यांना सांगून ठेवतो की मला न विचारता थेट पाठवत जा, त्यामुळे दोन खेपाही वाचतात. इतक्या कमी खर्चात इतका फायदा देणारी दुसरी सुधारणा या क्षेत्रात मला माहीत नाही. महागडी तार न टाकता ती झाली आणि सगळ्यात जास्त उपयोग झाला तो बारीक तारेवर बसलेल्यांना. व्यवहार पसरवताना होणारी पुनरुक्ती कमी करणारी अर्ले ही २०१९ ची पद्धतही त्याच घराण्यातली. दोन शेजाऱ्यांनी आपापल्या याद्यांमधला फरक तेवढा गणिताने काढायचा, आणि सांगितलेलंच पुन्हा सांगण्यात वाया जाणारी तार वाचवायची.

पाठवण्याआधी तपासायचं की तपासण्याआधी पाठवायचं, हा पुढचा प्रश्न. आपल्या भागात उसाच्या फडात बिबट्या दिसल्याचा निरोप मोबाइलवर येतो तेव्हा प्रत्येकाला हाच पेच पडतो. तपासत बसलं तर कुणाच्या जिवावर बेतेल. न तपासता पुढे ढकलला आणि फोटो भलत्याच गावचा निघाला तर पुढच्या खऱ्या निरोपावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. बिटकॉइनने मधला मार्ग काढला. थेट पाठवताना सगळं पान तपासायचं नाही, पण पानाच्या माथ्यावरचे ८० बाइट तपासायचे. त्यावरून एवढं कळतं की हे पान बनवायला खरोखर मेहनत झाली आहे. नुसता खोडसाळपणा म्हणून एवढी वीज कोणी जाळणार नाही. पण हीच सवलत ताणली की काय होतं ते ४ जुलै २०१५ रोजी दिसलं. नियम नुकताच बदलला होता. काही मोठे शोधकर्ते वेळ वाचवण्यासाठी दुसऱ्याचं पान न तपासताच त्याच्यापुढे काम सुरू करत होते. एक पान नव्या नियमात बसत नव्हतं, त्यावर दुसरं चढलं, तिसरं चढलं. सहा पानांचा एक खोटा फाटा तयार झाला आणि नंतर तो सगळा टाकून द्यावा लागला. पुढे पाठवणं आणि त्यावर आपलं काम रचणं या दोन गोष्टींत फरक आहे. पहिली अर्धवट तपासून चालते, दुसरी चालत नाही.

आता मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग. पान पूर्ण हाती आल्यावरच पुढे द्यायचं म्हटलं तर पाच टप्प्यांना, टप्प्याला एक सेकंद धरून, पाच सेकंद. त्याऐवजी पानाचे पन्नास तुकडे केले आणि पहिला तुकडा येताच पुढे सोडला तर पाचव्या टप्प्यावरच्या नोडाला सगळं पान किती वेळात मिळेल? एक सेकंद, अधिक मधल्या चार टप्प्यांचे प्रत्येकी एक पन्नासांश. म्हणजे १.०८ सेकंद. तार तीच, अंतर तेच.

पण तुकडे वेगवेगळ्या शेजाऱ्यांकडून येऊ लागले की नवी अडचण उभी राहते. शेजारी आपल्या मर्जीने कोणताही तुकडा पाठवत असेल तर पन्नासही वेगळे तुकडे जमायला सरासरी सव्वादोनशे तुकडे घ्यावे लागतात, कारण शेवटी शेवटी हाती येतात ते आधीच असलेले. संभाव्यतेच्या पुस्तकातलं हे जुनं गणित आहे: पन्नास गुणिले एक, अधिक एक द्वितीयांश, अधिक एक तृतीयांश, असं एक पन्नासांशापर्यंत. कंसाची बेरीज साडेचार येते. यावरचा उपाय शाळेतल्या समीकरणांत आहे. समजा दोन तुकडे म्हणजे १७ आणि २५ हे दोन आकडे. तिसरा तुकडा म्हणून त्यांची बेरीज ४२ पाठवली. आता तिघांपैकी कोणतेही दोन मिळाले की दोन्ही मूळ आकडे निघतात. कोणता हरवला याला महत्त्व उरत नाही. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० साली ही कल्पना पूर्णत्वाला नेली. सोलाना ही ब्लॉकचेन आपली पानं याच रीतीने तुकडे करून पसरवते. २००० साली आल्सवेडे, काय, ली आणि येउंग या चौघांनी आणखी एक पाऊल टाकलं: मधल्या नोडानेही हाती असलेल्या तुकड्यांची नवी मिश्रणं करून पुढे द्यावीत. मुरिएल मेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मिश्रणाचे गुणक चक्क यदृच्छेने निवडले तरी चालतात. मग पन्नास किंवा जेमतेम एखाददुसरा जास्त तुकडा आला की समीकरणं सुटतात. कोण कोणाला काय देणार हे ठरवायला मुख्य लागत नाही. मुख्य नसलेल्या जाळ्याला याहून साजेसं गणित सापडणं कठीण.

यात एक खरी जोखीम आहे. कोणी एक खोटं मिश्रण सोडलं तर ते पुढच्या सगळ्या मिश्रणांत कालवलं जातं आणि शेवटी समीकरणं सुटतात ती चुकीची. त्यामुळे मिश्रण झाल्यावरही पडताळता येईल अशी खूण प्रत्येक तुकड्यासोबत लागते. अशा खुणा गणिताने बनवता येतात, पण त्या तपासायला वेळ लागतो, आणि आपण वाचवायला निघालो होतो तो वेळच. हा सौदा कुठे फायद्याचा ठरतो यावर सध्या चुरशीचं काम चालू आहे. इथेरियमने डिसेंबर २०२५ मध्ये वेगळ्या वाटेने जाऊन काही भार हलका केला: मोठी माहिती रीड-सॉलोमनच्या रीतीने दुप्पट करून १२८ स्तंभांत वाटायची, त्यांतले कोणतेही ६४ असले की सगळी परत मिळते, आणि साध्या नोडाने त्यांतले थोडेच स्तंभ तपासायचे. सगळ्यांनी सगळं वाहून नेण्याची गरज तिथे उरली नाही.

वेग वाढवायची आणखी एक वाट आहे आणि तिच्याबद्दल माझं मत मी लपवणार नाही. चार खंडांत चांगले संगणक ठेवायचे, त्यांना उत्तम तारांनी जोडायचं आणि पानं आधी तिथून पळवायची. कोरॅलो यांचं फायबर हे जाळं २०१६ साली असंच उभं राहिलं. ब्लॉक्सरूटसारख्या कंपन्या ही सेवा विकतातही. मी याच्या विरोधात नाही. अशा जाळ्यांमुळे फाटे खरोखर कमी झाले. पण ज्याला ही वाट परवडते त्याला बातमी आधी, बाकीच्यांना मागून, असं झालं की उशिरातला जुना अन्याय नव्या रूपात परत येतो. इथेरियमचे बरेच नोड युरोप आणि उत्तर अमेरिकेत एकवटलेले आहेत. शर्यत मिलिसेकंदांची झाली की माणूस आपला संगणक तिकडेच नेऊन ठेवणार. माझी कसोटी साधी आहे. जलद वाट एक दिवस बंद करून पाहावी. साध्या वाटेने पान वेळेत पोहोचत असेल तर ती जलद वाट ही सोय आहे. पोहोचत नसेल तर ती मालक झाली आहे.

याच कारणासाठी मला सरासरी वेगाचे आकडे अपुरे वाटतात. संशोधनपत्रिकांतून निम्म्या नोडांना किती वेळ लागला हे ठळक छापतात. शेवटच्या पाच टक्क्यांना किती लागला, हा आकडा ठळक छापायला हवा.

शेवटचा माणूस कुणाच्या लक्षात केव्हा येतो, हे आंबेगाव तालुक्याला मी सांगायला नको. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर आला. दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एका एसटी चालकामुळे. तो गाडी घेऊन आला आणि जिथे गाव असायचं तिथे त्याला चिखल दिसला. गावातून निरोप आला नाही, आणि निरोप न येणं हाच निरोप आहे हे ओळखणारी कुठलीही व्यवस्था नव्हती. त्या दुःखाची कशाशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. पण जाळी बांधणाऱ्या प्रत्येकाने ती सकाळ लक्षात ठेवावी असं मला वाटतं, कारण जाळ्याचा वेग बोलणाऱ्यांवरून मोजला जातो आणि गप्प झालेला हिशेबातच येत नाही. बिटकॉइनचा नोड या बाबतीत सावध आहे. तो दर दोन मिनिटांनी शेजाऱ्यांना हाक देतो. वीस मिनिटं उत्तर नाही आलं तर तो शेजारी बदलतो. तीस मिनिटं कुठूनच नवं पान आलं नाही तर 'आज काही घडलेलं दिसत नाही' असं न धरता 'मीच तुटलो असेन' असं धरतो आणि नवा शेजारी शोधू लागतो. २०१५ साली बोस्टन आणि जेरुसलेमच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की एखाद्या नोडाचे सगळे शेजारी एकाच लबाड माणसाच्या हातचे असले तर त्या नोडाला हवं ते जग दाखवता येतं. त्यानंतर शेजारी निवडण्याचे नियम कडक झाले. वेगवेगळ्या दिशांचे, वेगवेगळ्या तारांवरचे शेजारी असणं हे वेगाइतकंच मोलाचं आहे.

आता शेवटचं, आणि हे इथल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींसाठी. प्रसाराच्या वेगाची जगात जी मोजमापं होतात ती बहुधा मोठ्या शहरांतल्या माहितीकेंद्रांत बसून होतात. जुन्नर, ओतूर, घोडेगाव, मंचर इथून कोणी मोजली तर त्या शेवटच्या पाच टक्क्यांबद्दल काही खरं कळेल. यासाठी नाणी विकत घ्यायची नाहीत, खातं उघडायचं नाही, कुणाला एक रुपया द्यायचा नाही. बिटकॉइनची मूळ आज्ञावली मोफत आहे. सुरुवातीला सहाशे जीबीहून जास्त माहिती उतरवावी लागते, तेव्हा हे काम महाविद्यालयाच्या जोडणीवर करा. तपासून झालेली जुनी पानं टाकत जाण्याची सोय तिच्यात आहे, त्यामुळे साठवणीला जुना संगणकही चालतो. मग तो संगणक गावातल्या घरगुती जोडणीवर लावा. प्रत्येक पान किती वाजता आलं, किती व्यवहार आधीच ऐकलेले होते आणि किती मागून घ्यावे लागले, हे तपशीलवार नोंदींची सोय चालू केली की नोंदवही फाइलमध्ये आपोआप लिहिलं जाईल. निदान तीन गावांत एकाच वेळी लावा. वीज गेली तर ती वेळही लिहून ठेवा, ती गाळू नका. वीज जाणं हाही इथल्या उशिराचा भाग आहे. पावसाळ्यातला एक महिना आणि उन्हाळ्यातला एक महिना तरी घ्या. आणि सुरू करण्याआधी तिन्ही संगणकांची घड्याळं इंटरनेटच्या प्रमाणवेळेशी जुळवून घ्या, दर तासाला पुन्हा जुळवा, नाहीतर जो उशीर मोजाल तो तारेचा की घड्याळाचा हे सांगता येणार नाही.